नूर इनायत खान : एका बिनतारी संचाची किंमत

१/७
हेरपटांतील नायिकेच्या हाती बहुधा पिस्तूल असते. जून १९४३ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरलेल्या नूर इनायत खानचे मुख्य साधन मात्र होते सुटकेसमध्ये मावणारा बिनतारी संच.

२/७
नूरचा जन्म १९१४ साली मॉस्कोत झाला. वडील सूफी संगीतकार हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे; सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. पॅरिसलगत वाढलेली नूर मुलांसाठी गोष्टी लिही. जातककथांवरील तिचे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

३/७
१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि कुटुंब इंग्लंडला आले. हवाई दलाच्या महिला शाखेत नूर बिनतारी संदेशन शिकली. पुढे ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ने तिला निवडले. या संस्थेच्या फ्रान्स विभागाने ३९ स्त्रिया पाठवल्या. कारण व्यावहारिक होते : तरुण पुरुषांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेले जात असल्याने रस्त्यावर दिसणारा तरुण चटकन संशयास पात्र ठरे, सायकलवरून जाणारी स्त्री त्या मानाने नजरेत भरत नसे.

४/७
नूर पोहोचल्यानंतर काही दिवसांतच पॅरिसमधील ‘प्रॉस्पर’ जाळे उद्ध्वस्त झाले. परतण्याची सूचना तिने नाकारली. दिशाशोधक यंत्रे लावलेल्या जर्मन गाड्यांना चुकवत, जागा बदलत ती संदेश पाठवत राहिली.

५/७
ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. तिने दोनदा पलायनाचा प्रयत्न केला. परंतु जपून ठेवलेल्या संदेशांची वही जर्मनांच्या हाती लागली होती. तिच्या नावाने ते लंडनशी बोलू लागले. लंडनने धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष केले आणि नवे हेर थेट शत्रूच्या हाती उतरले. तिच्या धैर्याची कथा सांगताना वरिष्ठांच्या या गाफीलपणाची नोंदही इतिहासाला घ्यावीच लागते.

६/७
फोर्झहाइमच्या तुरुंगात तिला अनेक महिने साखळदंडांत ठेवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ छळछावणीत आणखी तीन स्त्री-हेरांसह तिला ठार मारण्यात आले. वय अवघे ३०.

७/७
त्या ३९ पैकी १३ जणी परतल्या नाहीत. युद्धानंतर व्हेरा अ‍ॅटकिन्स या अधिकारी स्त्रीने जर्मनीत जाऊन त्यांचा माग काढला. नूरचा अंत आधी दुसऱ्याच छावणीत झाल्याचे मानले गेले. डाखाऊचे सत्य १९४७ मध्ये उमगले. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला. गुप्ततेची खरी किंमत हीच : जिने नाव लपवून काम केले, तिचा मृत्यू कोठे झाला हेदेखील जगाला शोधून काढावे लागले.