तराजूवरचा शिक्का आणि अचौर्य व्रत



आमच्या बचत गटाने शेतकरी आठवडी बाजारात हळद आणि डाळी विकायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न आला काट्याचा. स्वयंपाकघरातला काटा तिथे चालत नाही, सरकारी शिक्क्याचाच लागतो. "एवढ्याशा विक्रीला ही कटकट कशाला?" असे काहीजणी म्हणाल्या. ही कटकट किती जुनी आहे, तेच आज सांगते.

हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल इथल्या उत्खननात दगडाची घनाकृती वजने सापडली. शहरे एकमेकांपासून शेकडो कोस दूर, पण सुमारे १३.७ ग्रॅमचे मूळ वजन सगळीकडे सारखेच. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी स्वतंत्र अधिकारी दिसतो, पौतवाध्यक्ष. वजने लोखंडाची किंवा दगडाची हवीत, म्हणजे ओलीने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत. दर चार महिन्यांनी तपासणी आणि शिक्का नसेल तर दंड, असा नियम होता.

आपल्या आचार्यांनी हीच गोष्ट व्रतात घेतली. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे. मान म्हणजे धान्याचे माप, उन्मान म्हणजे तराजूचे वजन. देताना कमी मापाने द्यायचे आणि घेताना जास्त मापाने घ्यायचे, हा तो दोष. कुणाच्या घरात शिरून केलेली चोरी नव्हे, तरी सूत्रकारांनी ती चोरीच्याच खात्यात मांडली.

आपल्या आजीच्या काळी चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे होती. पण एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नसे. त्यात घेताना शीग लावायची आणि देताना काठोकाठ सपाट करायचे. बाजारात आलेला शेतकरी दोन्हीकडून बुडायचा. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच मेट्रिक पद्धत ठरवली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि शेर मागे पडला.

आज २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. काटा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा. त्याच्या पट्टीवर मॉडेल मान्यतेचा क्रमांक आणि कमाल-किमान वजन लिहिलेले असते. किमान जरूर पाहा. १०० ग्रॅम किमान असलेल्या मोठ्या काट्यावर ५० ग्रॅम हळद तोलणे योग्य नाही. वैध मापन निरीक्षक काटा तपासून शिक्का मारतात आणि प्रमाणपत्र देतात. ते दुकानात दिसेल असे लावायचे. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर वर्षी, साध्या तराजूची आणि वजनांची दोन वर्षांनी.

व्रत आपल्या मनात असते, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. शिक्का मात्र तिला दिसतो, आणि उद्या कुणी वजनावरून शंका घेतली तर प्रामाणिक विकणारीच्या बाजूने तोच उभा राहतो.

मात्र शिक्का काट्याचा असतो, हाताचा नव्हे. तोलण्याआधी रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा. डब्याचे, पिशवीचे वजन मालात धरू नका. तेवढे आपल्यालाच सांभाळायचे आहे.