मजुरीतला वाटा

स्कूटर दुरुस्तीच्या धंद्यात चार पैसे मिळायला लागले, ते नवी स्कूटर मिळत नव्हती म्हणून. पुण्याजवळच्या आकुर्डीतला बजाजचा कारखाना आमच्या डोळ्यांसमोर होता, तरी तिथली गाडी हवी तर नंबर लावून आठ-दहा वर्षं थांबायचं. वर्षाला किती गाड्या काढायच्या, ते सरकारी परवान्यात ठरलेलं. 1971 मध्ये बजाजचा इटलीच्या पियाजिओशी असलेला करार संपला, 1972 मध्ये चेतक स्कूटर आली, तरी रांग हटली नाही. म्हणून ज्याच्या दारात गाडी होती, तो ती मोडीत काढायचा विचारच करायचा नाही. बोअर झिजलं की लेथवर रिबोअर करायचं, नवा पिस्टन टाकायचा आणि पुढची काही वर्षं काढायची. त्या सगळ्या कामाची मजुरी आमच्याकडे यायची.

मी चिंचवडच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. पगार असा नव्हताच. चहा, वडापाव, आठवड्याला उस्ताद हातावर टेकवतील ते, दिवाळीला कपडे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यात शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन मिळू लागलं. आमच्या दोन-तीन माणसांच्या गॅरेजापर्यंत तो कायदा आला नाही. हा अन्याय होता, असं मी आजही म्हणतो. शिकत तर आम्हीही होतो. आधी रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, मग पंक्चर, मग क्लचची केबल. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, कार्बन धरायचा, सायलेन्सर चोंदायचा. तो आगीत जाळून झटकायचा. कार्बोरेटरच्या जेटला हात लावायची परवानगी फार उशिरा मिळे. पॉइंटचा गॅप उस्ताद नुसत्या नजरेने धरत. इंजिन उघडण्याआधी ते किक मारून आवाज ऐकायला लावत. रिंग वाजतेय की बेअरिंग, हे ज्याला सांगता आलं, तो मिस्त्री. मग त्याला प्रत्येक कामामागे मजुरीत वाटा.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागे आणि आमचं जेवण चार वाजता होई. पण त्या दिवशीचा वाटा मनासारखा असायचा. पुढे ज्याने स्वतःचे पाने घेतले आणि पुण्यातल्या नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानदाराकडे उधारी जमवली, तो झाडाखाली बसला तरी मालक झाला. पोरांची शिक्षणं अनेकांनी त्या कमाईवर केली.

1984 मध्ये बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली, पुढच्या वर्षी हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल. तिच्यात पेट्रोलबरोबर ऑइल जळत नसे, त्यामुळे कामं कमी झाली. खरा घाव मात्र 2020 चा. 1 एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू झाले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. बिघाड स्कॅनर सांगू लागला, आणि कानाची किंमत उतरली. त्याच वर्षी चेतकही परत आली, विजेवर चालणारी.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये आयटीआय झालेल्या मुलाला महिन्याचा पगार असतो, पीएफ असतो. आम्हाला हे कधी मिळालं नाही. ते मिळायलाच हवं. पण मजुरीतला वाटा गेला. गाडी त्याने तासात काढली काय किंवा दिवसात, पगार तोच, आणि दर तर मालक ठरवतो. ओळखीची मुलं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करायला सांगतो, वायरिंग आणि मल्टिमीटर पक्का करायला सांगतो, आणि नोकरी धरताना पगारासोबत कामामागे काय देणार, हेही विचारायला सांगतो.