ब्राइटसाइड लेन : डॉन नदीकाठच्या भट्ट्यांचा इतिहास

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या शेफील्ड शहराच्या ईशान्येस, डॉन नदी आणि लोहमार्ग यांच्या सोबतीने जाणारा जो रस्ता आरंभी सॅव्हिल स्ट्रीट आणि पुढे ब्राइटसाइड लेन या नावाने ओळखला जातो, त्याच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलाद, तोफा, रेल्वेचे रूळ आणि युद्धनौकांची कवचे तयार करणारे त्या काळातील जगातले काही सर्वांत मोठे कारखाने उभे होते. या कारखान्यांचा इतिहास सामान्यतः त्यांच्या मालकांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ज्या ज्ञानावर ते चालले ते मुख्यत्वे भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आणि हातांत होते, आणि ते फारसे लिहून ठेवले गेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या रस्त्याची ओळख पुरी होत नाही.

शेफील्डचा सुऱ्या-कात्र्यांचा धंदा मध्ययुगापासूनचा असून शहराभोवतीच्या लहान नद्यांवरील पाणचक्क्यांच्या बळावर तो वाढला होता. ब्राइटसाइडचा सपाट नदीकाठ मात्र मोठ्या उद्योगाचे केंद्र झाला तो 1838 मध्ये शेफील्ड ते रॉदरहॅम हा लोहमार्ग सुरू झाल्यानंतर, कारण जड माल आणि कोळसा आता थेट कारखान्याच्या दारात येऊ लागला, तर बॉयलरला आणि यंत्रे थंड ठेवण्याला लागणारे पाणी नदी पुरवीत होती. 1845 च्या सुमारास कॅमेल यांचा सायक्लॉप्स कारखाना, 1850 च्या दशकात फर्थ यांचा नॉर्फोक आणि जॉन ब्राउन यांचा ॲटलास कारखाना, आणि 1860 च्या दशकात नेलर-व्हिकर्स यांचा रिव्हर डॉन कारखाना असे मोठे कारखाने पाठोपाठ येथे उभे राहिले. 1851 मध्ये सुमारे 1,35,000 वस्ती असलेले शहर शतकअखेरीस चार लाखांच्या घरात गेले, आणि भट्ट्यांच्या भिंतींना जवळजवळ चिकटून कामगारांच्या चाळीवजा घरांच्या रांगा उठल्या.

या सर्व विस्ताराच्या मुळाशी बेंजामिन हंट्समन या घड्याळ बनविणाऱ्या कारागिराची 1740 च्या दशकातील पद्धती होती. त्याआधी स्वीडनमधून येणाऱ्या शुद्ध लोखंडाच्या पट्ट्या लोणारी कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवीत आणि त्यांत कार्बन मुरवीत. पण असे पोलाद वरून कडक, आत मऊ असे विषम होई, आणि घड्याळाच्या स्प्रिंगला ते विश्वासाचे वाटत नसे. हंट्समनने तेच पोलाद झाकणबंद मुशीत, म्हणजे उच्च उष्णता सोसणाऱ्या मातीच्या भांड्यात, पूर्ण वितळवून ओतले आणि एकजीव लगड मिळविली. बंद मुशीत पोलाद करण्याची कला दख्खनच्या लोहारांना त्याच्या कित्येक शतके आधीपासून अवगत होती, आणि या वूट्झ पोलादाचे नमुने 1794 च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले होते. पुढे मायकेल फॅरेडे आणि जेम्स स्टोडार्ट यांनी त्याच्या अभ्यासातून सुरू केलेले मिश्रधातूंचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यासाठी शेफील्डच्याच भट्ट्या वापरल्या. हंट्समनने ही कला हिंदुस्थानातून उचलली असे म्हणण्यास मात्र आधार नाही, आणि दोन्ही परंपरांचा मान राखायचा तर त्यांना वेगळे ठेवणेच न्याय्य ठरेल.

मुशीच्या भट्टीतील कामाची विभागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मूस घडविण्यासाठी माती अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवीत, कारण मातीत राहिलेला खडा किंवा हवेचा बुडबुडा तळव्याला जितका नेमका कळे तितका कोणत्याही अवजाराला कळत नसे, आणि तो राहून गेल्यास तापलेली मूस आगीतच फुटे. भट्टीखालच्या तळघरात राख आणि निखारे काढण्यासाठी कोवळ्या वयाचा मुलगा असे. पोलाद वितळण्यास तीन ते चार तास लागत. ते ओतण्याजोगे झाले की नाही हे मुख्य कारागीर मुशीतील रसाचा रंग आणि उकळी पाहून ठरवी. त्यानंतर पायांना ओली गोणपाटे गुंडाळलेला गडी भट्टीच्या तोंडावर पाय फाकवून उभा राही आणि लांब चिमट्याने पांढरीशुभ्र तापलेली मूस वर खेची, व ओतारी तिच्यातील रस साच्याच्या कडेला न लागू देता मधोमध ओती. एका मुशीत जेमतेम 25 किलो पोलाद मावे. म्हणून तोफेची नळी किंवा जहाजाचा दांडा यांसाठी मोठी लगड हवी असे तेव्हा शेकडो मुशी एकामागून एक, धार न तुटू देता रित्या कराव्या लागत. पहिला रस थिजण्याआधी पुढचा पडलाच पाहिजे, या एका अटीवर कित्येक माणसांच्या हालचाली एका तालात बांधलेल्या असत.

हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवेचा झोत सोडून अर्ध्या तासाच्या आत कित्येक टन पोलाद करण्याची रीत शोधली आणि परवाना घेण्यास कारखानदार कचरू लागले तेव्हा 1858 मध्ये शेफील्डच्या कार्लाइल स्ट्रीटवर स्वतःचाच कारखाना काढला. जॉन ब्राउन यांनी ती रीत लवकर उचलून पोलादी रूळ काढण्यास सुरुवात केली, आणि फ्रान्सच्या चिलखती युद्धनौकेपासून धडा घेऊन जहाजांच्या जाड कवचपत्र्यांचेही काम हाती घेतले. मुशीच्या पोलादाला मात्र याने लगेच मरण आले नाही; हत्यारांसाठी लागणारे बारीक पोत विजेच्या भट्ट्या येईपर्यंत दुसरी कोणतीही रीत देऊ शकली नाही.

कवचांच्या या धंद्याची खूण असलेले रिव्हर डॉन इंजिन 1905 मध्ये डेव्ही ब्रदर्स यांनी कॅमेल यांच्या ग्राइम्सथॉर्प कारखान्यासाठी बांधले. 12,000 अश्वशक्तीचे हे वाफेचे इंजिन पूर्ण वेगात असताना दोन सेकंदांत उलटे फिरू शके, त्यामुळे तापलेला पत्रा थंड होण्याआधी रोलरांमधून पुढे-मागे दाबता येई. 1978 पर्यंत ते काम करीत राहिले, आणि अणुवीज केंद्रांसाठी लागणारे जाड पत्रेही त्यानेच लाटले.

महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत या रस्त्याचा एक धागा पोचतो. हॅरी ब्रिअर्ली यांचा जन्म 1871 मध्ये शेफील्डच्या एका कोंदट आळीत झाला. त्यांचे वडील मुशीच्या भट्टीवर पोलाद वितळविण्याचे काम करीत, आणि ते स्वतः लहान वयातच फर्थ यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागले. ब्राउन आणि फर्थ यांच्या संयुक्त प्रयोगशाळेचे प्रमुख असताना बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्यासाठी केलेल्या प्रयोगांतून 1913 मध्ये त्यांना सुमारे 12.8 टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद मिळाले. जर्मनीतही त्याच काळात अशा मिश्रधातूंवर काम झाले होते, त्यामुळे एकट्या ब्रिअर्ली यांना सारे श्रेय देणे योग्य नाही. पुढे त्याच प्रयोगशाळेत हॅटफील्ड यांनी 1924 मध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल हे प्रमाण पुढे आणले, आणि पितळेला कल्हई लावणाऱ्याची गरज संपविणारी स्टीलची पातेली, डबे व ताटे याच घराण्यातील धातूंची झाली.

या रस्त्याची भरभराट युद्धांशी जखडलेली होती, ही गोष्ट आठवणी जपताना झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. 1916 च्या सप्टेंबरात झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाने शहराच्या पूर्व भागावर बाँब टाकले, आणि 1940 च्या डिसेंबरातील 12 व 15 तारखांच्या रात्रींच्या हल्ल्यांत शहरात 660 हून अधिक माणसे मेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी मर्लिन या विमान-इंजिनाचे क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या हालचालीला फिरकी देणारे दांडे, रिव्हर डॉन कारखान्यातील 15 टनांच्या एका घणाखालीच घडत होते. दोन्ही युद्धांत हजारो स्त्रियांनी या भट्ट्या व याऱ्या चालविल्या आणि युद्ध संपताच त्यांना घरी पाठविण्यात आले; त्यांचा पुतळा शहराच्या मध्यभागी उभा राहण्यास 2016 साल उजाडावे लागले, हा विलंब लाजिरवाणाच म्हटला पाहिजे. 1950 च्या दशकापासून येमेन, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कामगारांनी जड व उष्ण कामाचा मोठा वाटा उचलला.

नदीने या उद्योगाचा भार सोसला. यंत्रे थंड करून सोडलेल्या पाण्याने डॉन इतकी कोमट राहू लागली की मैल्यातून वाहून आलेल्या अंजिराच्या बिया काठावर रुजल्या, आणि एरवी त्या हवेत न वाढणारी ती झाडे आजही तेथे आहेत. 1967 मध्ये मोठे कारखाने राष्ट्रीय मालकीचे झाले, 1980 च्या प्रदीर्घ संपानंतर मागणी ढासळली, आणि 1983 मध्ये बंद पडलेल्या हॅडफील्ड कारखान्याच्या जागेवर 1990 मध्ये मेडोहॉल ही प्रचंड बाजारवास्तू उघडली. रिव्हर डॉन इंजिन आता केल्हम आयलंड येथील संग्रहालयात वाफेवर चालवून दाखविले जाते, परंतु मुशीतील रसाचा रंग पाहून वेळ सांगणारी नजर कोणत्याही संग्रहालयाला ठेवता आलेली नाही. ब्राइटसाइड लेनवरील जुन्या रिव्हर डॉन कारखान्यात आजही पोलादाचे अवाढव्य ओतीव व घडीव भाग तयार होतात; तो चालविणारी शेफील्ड फोर्जमास्टर्स ही कंपनी अणुपाणबुड्यांचे सुटे भाग पुरविते, म्हणून 2021 मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने ती विकत घेतली.