मोटारींच्या शर्यती आणि शहरांतले रस्ते

नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूच्या श्रोत्यांना फुफाटा म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. वैशाखांत कच्च्या गाडीवाटेनें पुढें एखादें वाहन असलें, कीं मागच्या गाडीवानाला स्वतःच्या बैलांचीं शिंगें दिसेनाशीं होतात. युरोपांत मोटारगाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हां तिकडचे राजमार्गही याहून फारसे निराळे नव्हते. खडी, माती, आणि घोडागाड्यांच्या चाकांनीं दळून काढलेली धूळ! १९०३ सालच्या मे महिन्यांत पॅरिसहून माद्रिदला जाणारी शर्यत निघाली, तेव्हां धुळीच्या लोटांत चालकांना रस्ता दिसेना. कडेच्या झाडांच्या शेंड्यांवरून त्यांनीं वळणांचा अदमास घ्यावा. मार्सेल रेनो हा नामांकित चालक त्या शर्यतींत प्राणास मुकला. इतर चालक व रस्त्याकडेला उभे राहिलेले बघेही बळी पडले, आणि फ्रेंच सरकारनें ती शर्यत बोर्दो येथेंच थांबविली.

धुळीवरच्या उपायाचा प्रयोग त्याच्या आदल्या वर्षीं एका डॉक्टरानें केला होता. गुग्लिएल्मिनेत्ति नांवाच्या या स्विस गृहस्थांनीं १९०२ च्या मार्चमध्यें मोनॅको संस्थानांतील रस्त्यावर ऊन डांबर ओतून पाहिलें. धूळ खालीं बसली, आणि लोक त्यांना कौतुकानें ‘डॉक्टर डांबर’ म्हणूं लागले. त्याच मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांतून १९२९ सालच्या एप्रिलमध्यें मोटारी धांवल्या. शहरांतल्या शर्यतींत आज सर्वांत प्रसिद्ध आहे ती हीच.

परंतु डांबरानें धूळ मारली, तरी रस्ता निर्धोक झाला असें नव्हे. १९०६ च्या जूनमध्यें फ्रान्समधील ल मां गांवाजवळ पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत झाली. १०३ किलोमीटरांचा फेरा दोन दिवसांत बारा वेळां करावयाचा होता, आणि धूळ उडूं नये म्हणून वाटेवर डांबर घातलें होतें. उन्हानें तें वितळलें. चाकांनीं उडविलेले डांबराचे थेंब आणि खडे चालकांच्या तोंडावर बसूं लागले. चष्मे असूनही डोळे जळूं लागले, आणि रेनो गाडीच्या एका चालकाला त्यापायीं शर्यत सोडावी लागली. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गाडीचा फेरेन्त्स सिस पहिला आला.

पुढें शर्यती भर वस्तींत शिरल्या, आणि शहराच्या नित्याच्या सोयीच चालकांच्या जिवावर उठूं लागल्या. १९५८ सालीं पोर्तुगालमधील पोर्तो येथें जी शर्यत झाली, तिच्या वाटेंत दगडी फरसबंदी होती आणि ट्रामचे रूळही होते. मुंबईंत ट्राम १९६४ पर्यंत चालत होती. ओल्या रुळावर सायकल कशी घसरते हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तेथील धोका वेगळा सांगावयास नको.

ऊन आणि डांबर यांचें वैर सर्वांत स्पष्ट दिसलें तें अमेरिकेंतील डॅलस शहरीं, ८ जुलै १९८४ रोजीं. हवेंतील उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्या घरांत होता. आपल्याकडे एवढ्या उन्हाला कोणी ऊनही म्हणणार नाहीं. पण नवापूर-विसरवाडीच्या महामार्गावर मालमोटारींच्या चाकांखालीं तापलेलें डांबर कसें दबतें आणि सरकतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तेथेंही तसेंच झालें. शनिवारच्या इतर शर्यतींत रस्त्याचे पापुद्रे निघाले. रात्रभर लवकर घट्ट होणाऱ्या काँक्रीटनें खड्डे बुजविण्यांत आले, सकाळचा सराव रद्द करावा लागला, आणि शर्यतींत उतरूं नये असा विचार कांहीं चालकांत चालला होता. झाक लाफित हा फ्रेंच चालक तर इतक्या भल्या पहाटे बोलावल्याचा निषेध म्हणून रात्रीच्या झोपण्याच्या कपड्यांतच हजर झाला! शेवटीं शर्यत झाली, केके रोझबर्ग जिंकला. कित्येक गाड्या भिंतींवर आदळल्या, आणि बंद पडलेली गाडी ढकलतां ढकलतां नायजेल मॅन्सेल शुद्ध हरपून पडला. त्यानंतर या दर्जाची शर्यत डॅलसला पुन्हां झाली नाहीं.

उखडलेला रस्ता निदान डोळ्यांना दिसतो. गटारावरचें बिडाचें झांकण मात्र शर्यतीच्या क्षणापर्यंत साळसूदपणें पडून असतें. आधुनिक गाडीच्या पोटाखालून हवा फार वेगानें वाहते, तिचा दाब उतरतो, आणि गाडी रस्त्याला जळवेसारखी चिकटते. गाडीला खालीं ओढणारी हीच शक्ति सुट्या झांकणाला वर उचलते. १९९० सालीं माँट्रियल येथें असें एक झांकण येसूस पारेखा याच्या पोर्शवर आदळून ती पेटली. तो सुदैवानें वांचला. म्हणून आतां शर्यतीपूर्वीं झांकणें वेल्डिंगनें पक्कीं करतात. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्यें लास वेगासला पहिला सराव सुरू होऊन दहा मिनिटें झालीं नव्हतीं, तोंच पाण्याच्या व्हॉल्व्हवरचें झांकण सभोंवारच्या काँक्रीटसकट निकामी झालें आणि कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ फुटला. बॅटरी बदलावी लागली, म्हणून नियमाप्रमाणें साइन्झलाच दहा जागा मागें जाण्याची शिक्षा झाली. सवलत देण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें पंचांनीं नमूद केलें. चोर सोडून संन्याशाला सूळ, दुसरें काय!

भारतांत स्वातंत्र्यानंतरच्या काळांत मुंबईला जुहूच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धांवपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. धांवपट्टीवर गटार नाहीं, नळ नाहीं, घरांच्या भिंती नाहींत. साधनें तुटपुंजीं असतांना ही निवड शहाणपणाचीच होती. खऱ्याखुऱ्या शहरी रस्त्यांवर मोठ्या शर्यती आपल्याकडे आल्या त्या अगदीं अलीकडे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं हैदराबादेंत हुसेनसागराच्या कांठीं विजेच्या गाड्या धांवल्या. चेन्नईंत आयलंड ग्राउंड्सभोंवतीं सुमारें साडेतीन किलोमीटरांचा मार्ग आखला गेला. रहदारीचे रस्ते यासाठीं वापरावे काय, हा वाद मद्रास उच्च न्यायालयापुढें गेला, आणि जागतिक मोटार संघटनेचें प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज गाड्या सोडूं नयेत, असें ठरलें. ३१ ऑगस्ट २०२४ रोजीं नेमका पाऊस आला. ओल्या रस्त्यावर रहदारीच्या रंगविलेल्या पट्ट्या डांबराहूनही निसरड्या होतात. तपासणी लांबली, प्रमाणपत्राची मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि मुख्य शर्यती दुसऱ्या दिवशीं, १ सप्टेंबरला, दिव्यांच्या उजेडांत पार पडल्या.