चेपॉकचे गोलंदाजी-द्वंद्व

‘द्वंद्व’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. व्यवहारात तो दोघांची झुंज दर्शवितो. व्याकरणात, ज्या समासातील दोन्ही पदे सारखीच प्रधान असतात, त्या समासाचे ते नाव होय. गोलंदाजांच्या झुंजींचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या अर्थाचे स्मरण ठेवणे अवश्य आहे. कारण धावफलकाच्या वाचनात जेत्याचे पद राहते व दुसऱ्याचा लोप होतो.

मेढ्यासारख्या सातारा जिल्ह्यातील गावी यात्रेच्या आखाड्यात दोन मल्ल एकमेकांस प्रत्यक्ष भिडतात. गोलंदाजांचे तसे नसते. एकाच्या कामगिरीस दुसऱ्याने द्यावयाचे उत्तर काही तासांनी, निराळ्या फलंदाजांकरवी दिले जाते. बेसबॉलमध्येही हाच प्रकार आढळतो. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी अमेरिकेतील जागतिक मालिकेत डॉन लार्सनने सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज तळ गाठण्यापूर्वीच बाद केले. त्या दिवशी प्रतिपक्षाच्या साल मॅग्लीने केवळ पाच फटके दिले होते, आणि सामना २–० असा संपला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

याच कोटीतील आपल्याकडील उदाहरण म्हणजे रणजी करंडकाचा १९७२-७३ चा अंतिम सामना. तो मद्रासच्या चेपॉक मैदानावर मुंबई व तामीळनाडू यांच्यात झाला. मुंबईने १५१ व ११३, तर तामीळनाडूने ८० व ६१ धावा केल्या. चारही डाव मिळून अवघ्या ४०५ धावा झाल्या, आणि तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना आटोपला. मुंबईचा हा सलग पंधरावा विजय होता. डावखुऱ्या पद्माकर शिवलकरने १६ धावांत ८ व १८ धावांत ५ गडी बाद केले. दुसऱ्या डावात एकनाथ सोलकरचे साहाय्य त्यास लाभले.

१२३ धावांच्या फरकावरून हा विजय एकतर्फी वाटतो. परंतु मुंबईचे वीस गडी २६४ धावांत, म्हणजे गडीमागे सुमारे तेरा धावांत, बाद झाले होते. वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार हे ज्या संघाचे फिरकी गोलंदाज, त्याच्यासमोर अखेरीस केवळ १८५ धावांचे लक्ष्य उरले. एऱ्हवी विजयास पुरेशी ठरावी अशीच ही गोलंदाजी होती. शिवलकरचे ३४ धावांतील तेरा बळी हे तिला मिळालेले उत्तर होय. तिच्यावाचून त्याचे मोल नीट कळत नाही.

या द्वंद्वाचा उत्तरभाग मैदानाबाहेर घडला. पराभूत वेंकटराघवन सत्तावन्न कसोटी सामने खेळला. जेता शिवलकर एकही नाही. तोही बिशनसिंग बेदीप्रमाणे डावखुरा मंदगती गोलंदाज होता, आणि बेदी सदुसष्ट कसोट्या खेळला. शिवलकरने प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळविले. २०१७ साली नियामक मंडळाने त्यास सी. के. नायडू पुरस्कार दिला, आणि ३ मार्च २०२५ रोजी त्याचे निधन झाले.

तात्पर्य, चेपॉकच्या धावफलकात वेंकटराघवन व कुमार यांचे पद लोपते, तर कसोटी क्रिकेटच्या नोंदीत शिवलकरचे. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तरच या समासाचा विग्रह पुरा होतो.