रावबहादूर बोले आणि पाणवठ्याचा ठराव

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे व तो योग्यही आहे. मात्र अशा चरित्रांत एक दोष हटकून शिरतो. पदव्या, अध्यक्षपदे व मानपत्रे यांची यादी लांबत जाते, आणि ज्या कृत्यामुळे त्या पुरुषाचे नाव ज्ञातीबाहेरही आदराने घेतले जाते, ते चार ओळींत उरकले जाते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या बाबतीत आपल्या भंडारी समाजाकडून असे अनेकदा घडले आहे. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने सिद्धिविनायकाच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांस हे बोले कोण, असे विचारले, तर किती जणांस उत्तर देता येईल, याची आम्हांस शंकाच आहे.

१९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. गिरणगावातील मजुरांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली होती. त्याच्याही आधीचा एक प्रसंग येथे सांगणे अगत्याचे आहे. भीमराव आंबेडकर नावाचा एक महार विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनार्थ मुंबईत एक लहानशी सभा भरली होती. तिचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले होते. त्या काळी अस्पृश्याच्या मुलाचा सत्कार करण्यासाठी स्पृश्य समाजातील प्रतिष्ठित गृहस्थाने खुर्चीवर बसणे ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नव्हती.

आता मुख्य विषयाकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी वा सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालविलेले, तसेच कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गास मोकळीक असावी, अशी शिफारस त्यात होती. ठराव संमत झाला आणि पुढे 'बोले ठराव' या नावानेच तो प्रसिद्ध झाला.

यात धाडस ते कोणते, असे आजचा तरुण वाचक विचारील. त्याने त्या वेळची मतदारयादी डोळ्यांपुढे आणावी. मताचा अधिकार मालमत्तेवर व सरकारास भरलेल्या करावर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी हा ठराव होता, त्यांच्यापैकी बहुतेकांस मत नव्हते, आणि ज्यांना तो कडू लागणार होता, त्यांच्या हाती मत होते. सभासदाने आपल्या मतदारांस प्रिय असेल तेच बोलावे, हा संकेत तेव्हाही प्रचलित होता. शिवाय बोले ज्या समाजातून आले, त्याची स्थितीही विसरता येत नाही. माडावर चढून माडी काढणाऱ्या भंडाऱ्यास वरच्या जातींच्या ओसरीवर काही मानाचे आसन मिळत नव्हते. अशा समाजातून वर आलेला मनुष्य बहुधा स्वतःच्या समाजाची शिडी आणखी एक पायरी उंचावण्याच्या खटपटीत आयुष्य वेचतो. त्याने खाली वळून पाहिले, तर त्याचे स्वकीयच त्याला दोष देतात. बोले यांनी खाली वळून पाहिले.

तथापि ठराव संमत होणे आणि पाण्याला हात लागणे यांत फार मोठे अंतर असते. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी हुकूम काढला, पण त्याची सक्ती होती ती सरकारी मालकीच्या जागांपुरती. नगरपालिका व लोकलबोर्डे यांना कलेक्टरांमार्फत कळविण्यात आले ते इतकेच, की हा ठराव स्वीकारणे इष्ट आहे काय, याचा आपण विचार करावा. असा विचार करण्यास आपल्या देशातील मंडळांना किती अवधी लागतो, हे वाचकांस सांगावयास नको. बोले स्वस्थ बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका अथवा जे लोकलबोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारील, त्यास सरकारी अनुदान देऊ नये. उपदेशाने जे होत नाही ते पैशाच्या नाडीस हात घातल्याने होते, हे त्यांना पुरते कळून चुकले होते.

कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्येच आपले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव झाला, तळे होते तसेच राहिले. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, गुरेढोरेही पाणी पीत, फक्त अस्पृश्याच्या ओंजळीला ते बंद होते. पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाडास परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव हिंडून तिची सिद्धता केली होती, आणि सुरबानाना टिपणीस व अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील गृहस्थही पाठीशी होते. दुसऱ्या दिवशी हजारोंचा समुदाय शिस्तीने तळ्यावर गेला. प्रथम बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, मग इतरांनी. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी भुमका उठली, आणि परतीच्या वाटेवरील प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. अनेक जखमी झाले, परंतु बाबासाहेबांच्या आज्ञेवरून त्यांनी उलट हात उगारला नाही. तळ्यात पंचगव्याचे घडे ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली.

येथे एका तारखेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला, तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती! डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याच्या सुमारास दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, आणि तो वाद पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला, की तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही.

कौन्सिलातील ठराव आणि तळ्यातील ओंजळ यांपैकी थोर कोणते, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. लाठ्या खाणाऱ्यांचे मोल ठराव मांडणाऱ्यापेक्षा निःसंशय अधिक आहे, आणि बोले यांचा गौरव करताना आपण हे स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे. पण त्या दिवशी तळ्याकडे निघालेले लोक बेकायदा काही करण्यास निघाले नव्हते. कौन्सिलाने व नगरपालिकेने कागदावर दिलेला हक्क बजावण्यास ते निघाले होते. तो कागद मूळ बोले यांच्या खटपटीचा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाचे पंधरावे कलम ज्ञातिबांधवांनी अवश्य वाचावे. त्यातील विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा आणि सरकारी पैशातून चालविलेल्या जागांचा उल्लेख वाचताना, १९२३ च्या त्या ठरावाची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. बोले यांचा ठराव सार्वजनिक पैशाच्या विहिरींना लागू होता. कोकणात आपल्या वाड्यांतील बहुतेक विहिरी खाजगी, आज्यापणज्यांनी स्वतः खणलेल्या. त्यांना तो कधी लागूच झाला नाही. आमच्या आजोळच्या विहिरीवर महारवाड्यातील बायका रिकामी मडकी घेऊन दूर फणसाखाली उभ्या राहत, आणि घरातील कोणी पोहरा ओढून वरून पाणी ओतील तेव्हा त्यांची मडकी भरत. कधी ते ओतण्यास दुपार होई. ज्या घरात भिंतीवर रावबहादुरांची तसबीर होती, त्याच घराची ही विहीर. आमच्या आजीने एका वैशाखात रहाटाचा दोर सरळ त्यांतील एकीच्या हाती दिला आणि स्वतः घरात निघून आली. आजोबा दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवा पोहरा आणला. तो जुन्याशेजारी ठेवावयाचा की जुना काढून टाकावयाचा, यावर घरात पुष्कळ वाद झाला. शेवटी विहिरीवर दोन पोहरे राहिले, आणि आम्ही लहान असताना ते दोन्ही तेथे होते.