देवाचं ऐकायचं म्हणजे काय? नाशिकचा उपवासकाळ आणि माझा चुकलेला प्रश्न

पेट, नेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण एकच अडचण सांगतात: "विषय ठरलाय, पण संशोधनाचा प्रश्न सापडत नाही." आज त्याबद्दल बोलू. त्यासाठी माझाच पहिल्या वर्षातला एक प्रश्न घेते, कारण तो चुकला होता आणि का चुकला हे समजायला मला बराच वेळ लागला.

माझा प्रश्न असा होता: नाशिक आणि नगर भागातले मराठी ख्रिस्ती लोक लेंटच्या दिवसांत, म्हणजे उपवासकाळात, प्रार्थनेतून देवाचा आवाज कसा ऐकत असत? काळ धरला होता साधारण 1850 ते 1940.

उपवासकाळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरच्या आदल्या दिवशी संपणारे हे 40 दिवस. पंचांग काढून मोजलंत तर 46 भरतील. मधले 6 रविवार उपवासात धरत नाहीत. येशूने अरण्यात केलेल्या 40 दिवसांच्या उपासाची ही आठवण. प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगं. आपल्याकडे तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो, म्हणजे रब्बीची काढणी आणि शिमग्याच्या आसपास.

मी काय शोधत होते

'देवाचं ऐकणं' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. एक माणूस, बंद खोली, मिटलेले डोळे आणि शांतता. म्हणून मी मिशनचे अहवाल, पत्रं, आठवणी वाचताना 'एकांत', 'मौन', 'ध्यान' असे शब्द शोधत होते. सहा महिन्यांत एक वही भरली, आणि त्या वहीत जवळजवळ काहीच नव्हतं. अहवालांत उपासनेला किती जण आले, शाळेत मुलं किती, बाप्तिस्मे किती, पैसे किती लागले हे सगळं होतं. ऐकणं नव्हतं.

माझा निष्कर्ष तयार होता: या समाजात शांत प्रार्थनेची परंपरा रुजलीच नाही. मार्गदर्शकांनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं की मराठी माणूस देवाचं ऐकायला कुठे जातो? मी पटकन म्हणाले, "कीर्तनाला." आणि तिथेच गप्प झाले.

बघा, उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं. आपल्याकडे नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीवरच आहे. पण हे श्रवण एकट्याने, शांततेत करायचं नसतं. कुणीतरी सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्येच सगळे मिळून भजन करतात, मग परत ऐकतात. मनन त्यानंतर येतं. मी मात्र दुसरीकडची व्याख्या घेऊन आले होते आणि ती इथे बसत नाही म्हणून इथल्या लोकांनाच नापास करत होते.

प्रश्न बदलला. 'ते शांततेत ऐकत होते का?' असं विचारायचं सोडलं. 'ऐकण्यासाठी ते काय काय करत होते?' असं विचारायला लागले. कागद तेच होते, पण आता ते बोलायला लागले.

पहिली जागा: शरणपूर

नाशिककरांना शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक आठवतं. त्या रस्त्याला नाव देणारी शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे सीएमएसने, 1850च्या दशकात वसवली. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे त्यातलं मुख्य नाव. सीएमएस अँग्लिकन परंपरेची, त्यामुळे इथे उपासना चालायची ती छापील प्रार्थनापुस्तकावर. वर्षातला कुठला दिवस, त्या दिवशी कुठला पाठ, कुठलं स्तोत्र, कुठली प्रार्थना हे सगळं ठरलेलं.

त्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवारसाठी एक वेगळा विधी आहे. पाळक अनुवाद या पुस्तकातले शाप एकेक करून वाचतो आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या मंडळीने 'आमेन' म्हणायचं. त्यात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा येतो, आंधळ्याला वाट चुकवणारा येतो, परका, पोरका आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा येतो. त्यानंतर 51वं स्तोत्र, पश्चात्तापाचं.

हे मी आधी 'कोरडं कर्मकांड' म्हणून बाजूला ठेवलं होतं. आता पुन्हा वाचताना विचार केला: बांध कोरण्यावरून ज्या मुलखात भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तिथे हे वाक्य कानावर पडलं की ऐकणाऱ्याला काय वाटत असेल? आणि त्यावर स्वतःच्या तोंडाने 'आमेन' म्हणायचं! हेही ऐकणंच. फक्त ते गर्दीत आहे, मोठ्याने आहे आणि आपल्या शेताबद्दल आहे.

शरणपुरात अजून एक समूह होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुलं इथे आणून शिकवली जात. त्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 साली आफ्रिकेत वारले तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. पुढे देह इंग्लंडला नेला आणि एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही जेकब हजर होता.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं: ज्याचं घर आणि गाव लहानपणीच हिरावून घेतलं गेलं, त्याच्याजवळ नाशिकहून नेलेली एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे मोठ्याने वाचायची प्रार्थना. तो मनात काय ऐकत होता ते कळायला मार्ग नाही. पण ऐकण्याची सवय त्याला कुठल्या पद्धतीने लागली होती हे दिसतं.

दुसरी जागा: टिळकांचं घर

नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, पण शिकले नाशिकला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला.

इथे एक छोटं तंत्र सांगते. धार्मिक इतिहासात कुठलीही तारीख मिळाली की ती त्या धर्माच्या पंचांगात टाकून बघा. 1895 साली ईस्टर 14 एप्रिलला होता. 46 दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार येतो 27 फेब्रुवारीला. म्हणजे टिळकांचा बाप्तिस्मा उपवासकाळाच्या अडीच आठवडे आधी झाला. प्राचीन चर्चमध्ये उपवासकाळ हा बाप्तिस्म्याच्या तयारीचा काळ असे आणि बाप्तिस्मा ईस्टरला होई. इथे तो क्रम दिसत नाही. एका तारखेवरून सिद्धांत मांडायचा नसतो, पण ती तारीख आपल्याला पुढचा प्रश्न देते: या मिशनमध्ये लेंट पाळत होते का?

तर अमेरिकन मराठी मिशन कॉंग्रिगेशनल परंपरेचं. प्युरिटन वारशामुळे त्या परंपरेत 19व्या शतकात लेंटसारखे सण-काळ पाळण्याला फारसं स्थान नव्हतं. शरणपूरला लेंट होता. नगरला, म्हणायचं तर, नव्हता.

पण नगरला दुसरं काहीतरी होतं. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टिळकांनी भजनं, अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. क्रूस, पश्चात्ताप, देवाचं सान्निध्य हे त्यांच्या गीतांचे विषय. पुढे 1924 साली कॉंग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात तीही आली आणि अँग्लिकनही. टिळकांची गीतं 'उपासना संगीत' या पुस्तकातून सगळीकडे गेली. गंमत अशी, की ज्या मिशनमध्ये लेंटला स्थान नव्हतं तिथल्या कवीची भजनं आज लेंटच्या सभांमध्ये गायली जातात. अँग्लिकनांनी 40 दिवस दिले, नगरने त्या दिवसांना चाल दिली. पंचांग एकाचं, आवाज दुसऱ्याचा.

तुम्ही फक्त एकाच मिशनचे कागद वाचलेत तर ही गोष्ट तुम्हाला कधीच दिसणार नाही. सीएमएसचं दप्तर बर्मिंगहॅमला आहे, अमेरिकन बोर्डाचं हार्वर्डला. दोन्हीची सांगड कुठे पडते? गीतपुस्तकात. म्हणून म्हणते, दप्तराइतकंच झिजलेल्या गीतपुस्तकालाही साधन माना.

तिसरी जागा: एका बाईचं मन

तरीही एक प्रश्न उरतोच. ऐकण्याच्या पद्धती कळल्या, पण ऐकू काय आलं?

इथे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मदतीला येतात. हे पुस्तक 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झालं. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी ती त्याच्याकडे राहायला आली, तरी स्वतःचं सोवळं सांभाळून राहिली. मग एके दिवशी तिच्या मनात आलं की जाती काही देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या. आणि तिने ठरवलं की इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली.

हे वाचताना मी आधी 'धर्मांतराचा प्रसंग' अशी खूण करून पुढे गेले होते. नीट बघा. आकाशवाणी नाही, स्वप्न नाही, कुणाचं प्रवचनही नाही. स्वतःच्या मनाशी केलेला साधा विचार आहे, आणि त्याचा परिणाम पाण्याच्या भांड्यावर झालाय. तो विचार देवाने घातला की तिचा तिला सुचला, हे इतिहासकाराने ठरवायचं नसतं. श्रद्धाळू वाचक एक म्हणेल, दुसरा वाचक दुसरं म्हणेल. आपल्या हातात एवढंच आहे, की 'ऐकलं' असं कुणी म्हणालं तर त्यानंतर काय बदललं ते तपासायचं. कुणाच्या हातचं पाणी चाललं? कुठलं वैर मिटलं? कुठली गोष्ट सोडली? हे नोंदींमध्ये सापडतं.

लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकमध्ये वारल्या. त्या वर्षी राखेचा बुधवार होता 26 तारखेला. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांनी पुढे नेलं होतं. ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. ओवी म्हणजे पुन्हा तेच, मोठ्याने वाचायची आणि ऐकायची गोष्ट.

जे कागदावर नाही

शेवटी एक सावधगिरी. टिळक पती-पत्नी लिहिणारे होते, म्हणून आपण त्यांचं ऐकतो. या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार, मांग समाजांतून आलेले, आणि 1876-78 आणि 1896 ते 1900 या दुष्काळांच्या आठवणी घेऊन जगणारे. ज्याच्या घरात चूल पेटत नव्हती त्याला 'उपवासकाळ' हा शब्द कसा ऐकू आला असेल? ज्याने भूक निवडलीच नाही, त्याने लेंटमध्ये काय सोडायचं? या प्रश्नाचं उत्तर मला मिशनच्या अहवालात मिळालेलं नाही. मिळालं तर ते घराघरांत पाठ असलेल्या भजनांत, जात्यावरच्या ओव्यांत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत मिळेल. माझ्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण तिथे जाणार आहे.

आता तुमच्याकडे येते. तुमचा विषय शेती असो, सिनेमा असो की सहकारी साखर कारखाने, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात साधा शब्द काढा. माझा होता 'ऐकणं'. त्याचा अर्थ तुम्ही कुठून आणलात? ज्या लोकांबद्दल लिहिताय ते तो शब्द कसा वापरतात? एका कागदावर दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी लिहा. मला हे करायला सहा महिने आणि एक वही लागली. तुम्ही आराखडा सादर करायच्या आधीच करा, म्हणजे ती वही वाचेल.